वरचे चार

वादळ गेल्यावर तिसऱ्या दिवशी बेटावरून पहिला फोन आला, तो मुकादमिणीच्या घरी. ती तेव्हा पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. दोन्ही हात तेलाने माखलेले, म्हणून सुनेने फोन आणून तिच्या कानाला लावला.

"मावशी, चिंगी बोलतेय."

"अगं बाई! जिवंत आहात ना सगळे?"

"आहोत. ह्यांच्या पायावर वासा पडला, पाय मोडलाय. पोरगी बरी आहे." मग थोडा वेळ नुसता वाराच ऐकू आला. "मावशी, मी घरात उभी आहे आणि वर आभाळ दिसतंय. एवढं मोठं आभाळ घरात बरं नाही दिसत."

मुकादमिणीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बोलणं अगदी चिंगीच्या आईचं होतं. आईला जाऊन वर्ष झालं, आणि ती अशी बेटावरून फोनमधून बोलत होती.

चिंगी म्हणजे साडेचारची मुलगी. आता पस्तिशीची बाई, पण कारखान्याच्या आवारात ओल्या मातीच्या गोळ्यांशी खेळत वाढली, म्हणून सगळ्यांना अजून चिंगीच. आणि साडेचार म्हणजे मुकादमिणीची मैत्रीण. कौलांच्या कारखान्यात दोघी एका दिवशी लागल्या. पुढे दाबयंत्रात साडेचारच्या उजव्या हाताची करंगळी सापडली आणि अर्धी गेली. दवाखान्यातून आली ती हात वर करून म्हणाली, "मोजा गं, साडेचार राहिली." तेव्हापासून तिचं खरं नाव हजेरीच्या वहीतच काय ते उरलं.

तो दिवस मुकादमीण विसरली नव्हती. ती नवीनच मुकादमीण झाली होती, बाहेर गाड्या खोळंबल्या होत्या, आणि ती ओरडली होती, "हात चालवा गं, हात चालवा!" त्यानंतर तिने ते शब्द तोंडातून काढले नाहीत. कामाला वेग हवा असला की ती टाळ्या वाजवायची. कारखाना बंद पडेपर्यंत टाळ्याच वाजवल्या. साडेचारने कधी त्यावरून शब्द काढला नाही, आणि हिचीही विचारायची छाती झाली नाही.

कारखाना बंद पडून अठरा वर्षं झाली होती. धुराडं तेवढं उभं होतं, आणि त्याच्या सावलीत ही दोन खोल्यांच्या घरांची गल्ली. मुकादमिणीचं घर कोपऱ्यावरचं. त्याचं छप्पर सगळं 'वरच्या चारां'चं होतं. गाडी भरताना दर शंभर कौलांमागे चार कौलं वर टाकायची, न मोजता, न सांगता. वाटेत फुटतील त्यांच्या बदली. गाडीवान परत आला की न फुटलेली चार-दोन कौलं घेऊन येई आणि ती पाळीपाळीने बायकांना मिळत. मुकादमिणीच्या नवऱ्याने अशी कौलं नऊ वर्षं भिंतीशी रचून ठेवली आणि मग एका उन्हाळ्यात छप्पर घातलं. तेव्हा तो शिडीवर होता, साडेचार मधल्या पायरीवर आणि मुकादमीण खाली. आता त्या तिघांतली खालचीच तेवढी उरली होती.

संध्याकाळी बेटावरच्या शाळेचे मास्तर फोनवर बोलले. भिंती उभ्या आहेत, लाकूड बरंचसं सापडलंय, पण अकरा घरांवर एक कौल राहिलेलं नाही. शहरातले चार सुतार फुकट काम करायला तयार आहेत. छपराचे सरकारी पत्रे तिकडे धक्क्यावर येऊन पडलेत, पण ते कोणाला नकोत. वादळात पत्रे पात्यासारखे फिरत होते, दोन शेळ्या उभ्या कापल्या.

"बाई, वीस दिवसांनी समुद्र बंद होईल. मग चार महिने बोट नाही. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नसेल त्यांना तिकडे छावणीत हलवणार. मागच्या वादळात सात घरं अशी गेली. एकही परत आलं नाही."

"कौलं मिळाली तर?"

"कौलं मिळाली तरी ती चढवायची कोणी? नवीन माणसांच्या हातात निम्मी फुटतात."

मुकादमिणीने हात पुसले. "चढवायचं माझ्याकडे लागलं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीतून घरोघर फिरली. पहिली गाठली लंबीला. लंबी कारखान्यात सगळ्यात उंच, आता वाकून इतरांएवढी झाली होती.

"बेटावर? माझ्या वयात?" लंबी म्हणाली. "अगं, मला इथून न्हाणीत जायचं तर भिंत धरावी लागते."

"तिथेही भिंती आहेत. छप्परच नाही."

लंबीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "चिंगीचं घर?"

"चिंगीचंही."

"मग आधी सांगायचं नाही का? उगीच कारणं सांगायला लावलीस."

अशा नऊजणी जमल्या. सगळ्यांत लहान अठ्ठावन्नची, सगळ्यांत मोठी एकाहत्तरची. दोघींना साखर होती, एकीला ऐकू येत नव्हतं, आणि गुडघे तर कोणाचेच विचारण्यासारखे नव्हते. कौलं घालणारा म्हातारा मिस्त्रीही आला. बायकांची बडबड ऐकवत नाही असं म्हणत म्हणत पिशवी भरून सगळ्यांच्या आधी दारात उभा राहिला.

कौलं होती ती वखारीत. कारखाना बंद झाला तेव्हा शेवटचा माल वखारवाल्याच्या वडिलांनी उचलला होता, तो मागच्या अंगणात शेवाळत पडला होता. वखारवाला तरुण, भला माणूस. "न्या काकू, जागा मोकळी होईल," म्हणाला. "किती हवीत?"

अकरा घरं, घराला हजार. मुकादमिणीने हिशेब मनातच केला. फुटणारी वरच्या चारांतून जातील.

"अकरा हजार."

"तेवढीच निघतील चांगली. माझी माणसं मोजून धक्क्यावर पोचवतील."

ती निघाली. घरोघर निघायची वेळ कळवायची होती, औषधं बांधून घ्यायची होती, मुलाची समजूत काढायची होती. माल मोजताना ती उभी राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच राहिली नाही.

धक्क्यावर पोचल्या तेव्हा एक तरुण कारकून वही घेऊन टेबलाशी बसला होता. नऊ म्हाताऱ्या डोक्याला फडकी बांधून ओळीने आलेल्या बघून त्याने पुन्हा वहीत मान घातली आणि हात दाखवला. "आजी, मदत घेणाऱ्यांची रांग तिकडे."

मुकादमिणीचा चेहरा उतरला. लंबी मात्र टेबलावर वाकली. "बाळा, आम्ही देणाऱ्या रांगेतल्या. ती रांग कुठेय ते सांग, नाहीतर आम्ही नवीन काढतो."

कारकून ओशाळला आणि उठून त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीवर कोणी बसायचं यावरून नऊजणींत बोट सुटेपर्यंत वाद चालला.

बेटाचा धक्का खाली, वस्ती वर. मधे दगडी चढण, तीनशे पावलांची. बोटीतून कौलं उतरली, तेव्हा बेटावरचे लोक दोन्ही हातांत दोन-दोन कौलं घेऊन चढू लागले. मुकादमीण बघत राहिली. मग तिने टाळी वाजवली.

"ठेवा खाली. असं केलंत तर पावसाळा उलटेल. रांग लावा."

कौल हातात द्यायचं नसतं, सोडायचं असतं. दोन कौलं पाठीला पाठ लावून धरायची, अंगाला झोका द्यायचा आणि पुढचीच्या हातात सोडायची. पुढचीने ती अडवायची नाहीत. त्यांच्याबरोबरच वळायचं आणि पुढे सोडायची. अडवलं की मनगट जातं आणि कौलही. हे नऊजणींनी वर्षानुवर्षं केलेलं होतं. त्या बेटावरच्या माणसांमधे विखरून उभ्या राहिल्या नाहीत. आधी आपली जागा बघून आल्या, जशा कारखान्याच्या दारापासून गाडीपर्यंत उभ्या राहत तशाच: ऐकू न येणारी पहिली, मग साखरवाल्या दोघी, मग बाकीच्या, शेवटी लंबी आणि मुकादमीण. त्यांच्या पुढे चढणीवर बेटावरची माणसं.

कौलं निघाली. हातांना सगळं आठवत होतं. पहिली जोडी सरसर येत लंबीच्या हातात आली, लंबी वळली, तिने सोडली, आणि जोडी दगडावर पडून तिचे चार तुकडे झाले.

लंबी आणि मुकादमीण यांच्यामधे एका माणसाची जागा मोकळी होती. दोघींनीही ती ठेवली होती, न ठरवता. साडेचार तिथे उभी राहायची.

लंबी आपल्या हातांकडे बघत राहिली. मुकादमीण खाली वाकून तुकडे गोळा करू लागली, गुडघा वाकत नव्हता तरी. तेवढ्यात वरून चिंगी उतरून आली. फडकं घट्ट बांधलं आणि त्या जागेवर येऊन उभी राहिली.

"मला सोडा," म्हणाली. "मला येतं. आईने चिंध्यांच्या उशा घेऊन शिकवलंय."

त्या दिवशी अंधार पडायच्या आत पाच हजार कौलं वर गेली. वरच्या टोकाला लोक मागे वळून बघत होते, हा आवाज कसला ते कळेना म्हणून. म्हाताऱ्या हसत होत्या. कोणी कोणाच्या सासूची नक्कल करत होती, ती सासू जाऊन वीस वर्षं झाली होती. सगळ्यांची तोंडं लाल धुळीने माखली होती आणि कोणाला तहान लागल्याचं आठवत नव्हतं.

मुकाम शाळेत होता. बिनछपराच्या अकरा घरांतली माणसंही तिथेच होती. चिंगीचा नवरा एका कोपऱ्यात फळ्यांना पाय बांधून पडला होता, शेजारी पाच वर्षांची मुलगी. तो मुकादमिणीला म्हणाला, "मावशी, छावणीत मला चार महिने असं निजवून ठेवतील. इकडे होडी कुजेल, शेळ्या कोणीतरी नेईल. मग परत यायचं ते कशासाठी?"

"जाणार नाहीस तू. कौलं आली ना?"

पाणी आणायला ती मागच्या बाजूला गेली, तेव्हा भिंतीपलीकडे जाळी विणणारा एक म्हातारा कोणाला तरी सांगत होता. "पहिलं घर कोणाचं होणार, पैज लावा. मुकादमीणबाईंच्या भाचीचं. म्हाताऱ्यांची फौज काय आपल्यासाठी आलीये?"

मुकादमीण रिकामी बादली घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी फळ्यावर घरांची यादी लिहिली. तान्ही मुलं असलेली घरं आधी, मग म्हातारी माणसं. तिसरं नाव त्यांनी चिंगीच्या घराचं लिहिलं. मुकादमीण उठली, ओल्या फडक्याने ते पुसलं आणि सगळ्यात खाली लिहायला सांगितलं.

"अहो बाई, पाय मोडलेला माणूस आहे त्या घरात."

"माझं माणूस शेवटी," ती म्हणाली, जरा मोठ्याने, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या.

चिंगीने फळ्याकडे पाहिलं, मुकादमिणीकडे पाहिलं. फडकं बांधून कामाला गेली.

काम चालू झालं. सुतार पुढे जायचे, वासे बसवायचे, त्यावर कौलं टेकायच्या रिपा ठोकायचे. मागून मिस्त्री छपरावर चढायचा आणि वरून शिव्या घालायचा. वय झालेल्या माणसाला वर चढवतात आणि खालून कौलं अशी फेकतात, जणू त्याच्यावर सूड उगवायचाय, असं त्याचं म्हणणं. बायका खालून म्हणत, "खाली ये मग, आम्ही चढतो." तो काही खाली येत नसे. रोज एक घर, कधी अर्धंच. तळव्यांना चिरा पडल्या. साखरवाल्यांच्या चिरा भरून येईनात, म्हणून त्यांना चहाच्या कामाला लावलं, तर त्या रडकुंडीला आल्या आणि हातांना चिंध्या बांधून परत रांगेत येऊन उभ्या राहिल्या. दुपारी ऊन असं लागे की कौल हातात घेतल्यावर भट्टीतून आत्ताच काढलंय असं वाटे. ऐकू न येणारी एकदा कौल नाकाशी नेऊन म्हणाली, "वास तोच आहे गं." मग सगळ्यांनी एकेक कौल हुंगून पाहिलं. बेटावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

जाळीवाल्या म्हाताऱ्याचं घर चौथं झालं. तो त्या दिवशी मुकादमिणीसमोर आला, डोकं खाजवलं, आणि चहाचा पेला तिच्या हातात देऊन गेला. तिला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं.

बाराव्या दिवशी दहावं घर झालं. तेराव्या दिवशी सकाळी सुतार चिंगीच्या घरावर रिपा ठोकत होते, आणि मिस्त्री शाळेच्या अंगणात उरलेल्या कौलांच्या थप्प्यांभोवती दोनदा फिरून आला.

"मुकादमीणबाई, जरा इकडे या."

"काय झालं?"

"बाकीची कुठे ठेवलीत?"

"बाकीची कुठली?"

त्याने थप्प्यांकडे हात केला. तिला मोजायची गरज नव्हती. थप्पीकडे नजर टाकली की आकडा कळायचा, पाच कमी-जास्त. साडेपाचशे होती. घराला हजार लागत होती.

"फुटली ती वरची चार," ती म्हणाली. "शंभराला चार फुटली असतील. पण ती वरची..." आणि मधेच थांबली.

मास्तरांचा फोन घेऊन तिने वखारवाल्याला विचारलं.

"काकू, अकरा म्हणालात, अकरा दिली. एक कमी नाही, मी स्वतः उभा होतो."

"एकही कमी नाही ते कळलं. जास्त?"

"जास्त कशाला?" तो खरंच गोंधळला होता. "हवी होती का जास्त? सांगायचं ना. आता तर अंगणात नुसता चुराडाच आहे. आणि कौलं करतं कोण आता!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जन्माआधीपासून चालत आलेली गोष्ट, त्याला कोणी सांगितली नव्हती. कोणी कधी कोणालाच सांगितली नव्हती.

बायका गोळा झाल्या. लंबीने थप्प्यांकडे बघून बोटांवर वजाबाकी केली. "साडेचारशे कमी," म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकली. कोणी हसलं नाही.

"अर्ध्यावर पत्रे घाला," कोणीतरी म्हणालं. चिंगीच्या मुलीने आईचा हात घट्ट धरला. पत्र्याचा आवाज तिने वादळाच्या रात्री ऐकला होता.

चिंगी म्हणाली, "राहू दे, मावशी. आम्ही जातो छावणीत. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

ती समजूतदारपणे बोलली, हेच मुकादमिणीला सोसेना. ओरडली असती, तिसरं नाव का पुसलं म्हणून विचारलं असतं तरी बरं वाटलं असतं. दहा घरांमधे हे घर कुठेही असतं तरी पुरलं असतं. जाळीवाल्याच्या एका वाक्यासाठी तिने ते शेवटी नेऊन ठेवलं होतं. दुसऱ्यांदा तिने त्या घराला घाईत आणि दिमाखात काहीतरी गमवायला लावलं होतं.

"शेवटची बोट कधी?"

"परवा संध्याकाळी," मास्तर म्हणाले. "तुम्हाला सगळ्यांना घेऊन जाईल ती."

"आज बोट आहे ना? मी जाऊन येते."

"कुठे?" लंबीने विचारलं.

"घरी."

मुलगा गॅरेजमधून नुकताच आला होता. आईला दारात बघून तो खूश झाला, मग तिने काय ते सांगितलं आणि तो खुर्चीवर बसला.

"आपलं छप्पर?"

"सगळं नाही. मागची खोली आणि पुढची पडवी. साडेचारशे होतात बरोबर."

"आई, बाबांनी घातलेलं छप्पर आहे ते. नऊ वर्षं जमवलेलं."

"जमवलेलं कुठून होतं? लोकांच्या गाड्यांवरचंच ना? फुटलं नाही म्हणून आपल्याकडे आलं. आता कुठेतरी फुटलंय."

"आणि आपल्या डोक्यावर काय?"

"धक्क्यावर पत्र्यांची रास पडलीये, कोणी घेत नाही. धुराड्याच्या आडोशाला वारा लागत नाही, आपल्याला पत्रा चालेल. तो कारकून मला ओळखतो."

मुलगा छपराकडे बघू लागला. त्याचं लहानपण त्याच छपराखाली गेलं होतं. अंथरुणावर पडल्यापडल्या कौलांतल्या फटी मोजत तो पाढे शिकला होता. मुकादमिणीला ते माहीत होतं. तेवढ्यात मागच्या बाजूला काहीतरी आपटल्याचा आवाज आला. सुनेने शिडी आणून भिंतीला लावली होती. ती कधी कारखान्यात गेली नव्हती, दुकानात हिशेब लिहायची.

"आई, कुठून काढायला सुरुवात करतात?" तिने वरून विचारलं. "वरून का खालून?"

"वरून गं, वरून! कण्यावरून! उतर खाली, पडशील!"

ती काही उतरली नाही. शेवटी मुलगा उठून शिडी धरायला गेला.

दुसरा सगळा दिवस त्यात गेला. सून वर, मुलगा मधल्या पायरीवर, मुकादमीण खाली. कौलं काजळीने काळी झाली होती. मुकादमीण एकेक फडक्याने पुसून रचत होती. पुसता पुसता पालथ्या बाजूला बोटांचे ठसे दिसू लागले. यंत्रातून ओलं कौल उचलताना खालून बोटं टेकायची, तेवढा हलका ठसा राहायचा आणि भट्टीत भाजून पक्का व्हायचा. कुठला ठसा कोणाचा, हे तिला पूर्वी ओळखू यायचं. लंबीची बोटं लांब. तिचं स्वतःचं पहिलं बोट आत वळलेलं. आणि मग एकावर तीन बोटं सरळ उमटलेली आणि शेवटचं अर्ध्यावर थांबलेलं. अजून एक. त्या दिवसभरात तशी चाळीसेक सापडली. ती तिने वेगळी ठेवली आणि सगळ्यात वर रचली.

संध्याकाळी मागच्या खोलीत उभं राहून मुलाने वर पाहिलं. "एवढं मोठं आभाळ," म्हणाला.

"चिंगी पण असंच म्हणाली," मुकादमीण म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती कौलं घेऊन बेटावर उतरली, तेव्हा रांग आधीच लागलेली होती. साखरवाल्या हातांना चिंध्या बांधून तयार. जाळीवाला म्हाताराही होता, पहिल्यांदाच. कुठे उभं राहायचं ते त्याला कळत नव्हतं. लंबी, मग चिंगी, मग मुकादमिणीची जागा. ती आपल्या जागेवर गेली. समुद्र राखाडी झाला होता, ढग खाली आले होते. पटपट आटपायला हवं होतं. तिने सवयीने टाळी वाजवली.

चिंगी हसली. "आई सांगायची तुमच्या टाळ्यांचं."

"काय सांगायची?"

"बोट गेलं त्या दिवशीच्या आधी तुम्ही ओरडायचात, नंतर टाळ्या सुरू झाल्या. आई म्हणायची, मला आधी कळेचना ही टाळ्या का वाजवते. कळलं तेव्हा एवढं हसू आलं, पण तिला सांगितलं नाही. म्हटलं, वाजवू दे, ओरडण्यापेक्षा बरं." चिंगीने एक जोडी पुढे सोडली. "ती म्हणायची, यंत्राचा खटका सैल झाला होता, मी सकाळीच बघितला होता आणि सांगायचं राहून गेलं. मुकादमिणीला उगीच वाटतं, तिच्या ओरडण्याने झालं."

कौलं येत राहिली. मुकादमीण त्यांच्याबरोबर वळत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि लाल धुळीत ते कोणाला दिसणारही नव्हतं.

"तीस वर्षं," ती शेवटी म्हणाली. "सांगायला काय झालं होतं तिला?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

दुपारपर्यंत मिस्त्री कण्याशी पोचला. एक शिवी न देता काम करत होता, त्यामुळे बायकांना काळजी वाटायला लागली होती. शेवटचं कौल बसलं. सुतारांनी चिंगीच्या नवऱ्याला फळीसकट उचलून घरात आणलं आणि भिंतीशी निजवलं. त्याची मुलगी त्याच्या शेजारी उताणी पडली आणि वर बघून म्हणाली, "बाबा, गेलं आभाळ."

खाली बोटीने भोंगा दिला. बायका पिशव्या उचलू लागल्या. मुकादमिणीने आपल्या गाठोड्यातून चार कौलं काढली आणि दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवली.

"ही कशाला?" चिंगी म्हणाली. "झालं की सगळं."

"वरची चार. फुटतील त्यांच्या बदली. आता सांगून ठेवते. न सांगता राहिलं की असं होतं."

चिंगीने एक कौल उचलून उलटं केलं. ठशाकडे बघत राहिली. मग त्यावर आपली बोटं ठेवली. तीन बोटं बरोबर बसली. चौथं ठशाच्या पुढे गेलं, पूर्ण.

भोंगा पुन्हा वाजला. उतारावरून लंबी ओरडत होती, "मुकादमीण, पाय चालव गं, पाय!"